आर्मेनियाची पांढरी वाइन: दोनच बाटल्या आणायच्या, पण नीट

आर्मेनियाची राजधानी येरेवानहून आणलेली पांढरी वाइन इकडे उघडली जाते आणि बहुतेक वेळा मंडळी हिरमुसतात. एखादी सरबतासारखी गोड निघते, एखादीला डागाळलेल्या सफरचंदाचा वास येतो, तर एखादी इतकी गारढोण असते की जिभेला काही कळतच नाही. द्राक्ष बिचारं चांगलं असतं. चव न घेता विमानतळावर घाईत उचललेली बाटली, डिकीतला चार तासांचा प्रवास, मग फ्रीझर, आणि शेवटी समोर झणझणीत रस्सा, इतकं झाल्यावर कुठलीही वाइन टिकणार नाही. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने जा. अर्ध्याहून जास्त चुका क्रम चुकल्यामुळेच होतात.

टप्पा 1: निघण्याआधी लिटरचा हिशेब

भारतात परतताना एका प्रौढ प्रवाशाला वाइन आणि दारू सगळी मिळून 2 लिटर शुल्काविना आणता येते. वाइनची नेहमीची बाटली 750 मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्यांचे दीड लिटर झाले. तिसरी घेतलीत की सव्वादोन लिटर होतात आणि वरच्या भागावर भरमसाठ शुल्क लागतं. उरलेल्या अर्ध्या लिटरची जागा वाया घालवायची नसेल, तर आर्मेनियन ब्रँडीची 500 मिलिलिटरची बाटली त्यात चपखल बसते.

नवरा-बायकोच्या सवलतीची बेरीज होत नाही, इथे पुष्कळ जण फसतात. दोघांत मिळून चार बाटल्या चालतात, पण त्या दोन-दोनच हव्यात. एकाच्या बॅगेत तीन आणि दुसऱ्याच्या बॅगेत एक, हे चालत नाही.

*सावध:* महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. सासर वर्ध्याला असेल तर बाटली तिकडे भेट म्हणून नेण्याचा विचार सोडून द्या.

दोनच बाटल्या येणार हे एकदा पक्कं झालं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. माझ्या मते एक साधी ताजी आणि एक मातीच्या रांजणातली किंवा मिश्र द्राक्षांची, अशी जोडी सगळ्यात शहाणपणाची.

टप्पा 2: द्राक्षांची नावं पाठ करा

आर्मेनियात तयार झालेली प्रत्येक पांढरी वाइन तिथल्या मूळच्या द्राक्षाची नसते. शार्दोने आणि व्हियोनिए तिथेही लावतात, आणि शेजारच्या जॉर्जियाचं र्कात्सितेली तर सर्रास दिसतं. ती वाइन वाईट असते असं नाही, पण त्यासाठी येरेवान गाठायची गरज नाही.

वोस्केहात हे पहिलं नाव. पांढऱ्या वाइनसाठी तिथलं हेच मुख्य द्राक्ष. वास पांढऱ्या फुलांचा, पेरचा, जर्दाळूचा, मागे किंचित रानपाल्याचा. ते कुठल्या उंचीवर पिकलं यावर बरंच अवलंबून असतं. आरारातचं मैदान समुद्रसपाटीपासून साडेआठशे-नऊशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात चांगलंच तापतं. तिथल्या द्राक्षात साखर भरपूर येते, पण आंबटपणा लवकर उतरतो आणि वाइन थोडी सुस्त लागते. आरागात्सोत्न प्रांताच्या उतारांवर, आणि त्याहून जास्त वायोत्स द्झोरमध्ये, मळे हजार मीटरच्या वर चढतात, काही ठिकाणी दीड हजारांच्याही पुढे जातात. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री अंगावर काही घ्यावं लागेल अशी थंडी असते, त्यामुळे आंबटपणा टिकतो. दोन वोस्केहात हातात असतील आणि निवड जमत नसेल, तर डोंगरावरची घ्या.

गारान द्माक अंगाने भरलेलं आणि आंबटपणाला कमी. एकटं क्वचितच भेटतं, वोस्केहातला वजन द्यायला त्यात मिसळतात. झोरा वायनरीची ‘वोस्की’ ही या दोघांचीच वाइन आहे.

कांगुनबद्दल दुकानदार बिनधास्त ‘आमचं प्राचीन द्राक्ष’ असं सांगून मोकळे होतात. ते आर्मेनियातच जन्मलं हे खरं, पण संकर करून तयार केलेलं आहे आणि त्यात र्कात्सितेलीचं रक्त आहे. उत्पन्न भरघोस येतं म्हणून ब्रँडीसाठी आणि गोड वाइनसाठी ते लावत. आता त्याची कोरडी वाइनही चांगली निघते, हलकी आणि बिही फळाच्या वासाची. पहिल्यांदाच वाइन पिणाऱ्यांना ती पटकन आवडते. मात्र जुनं मूळ वाण म्हणून घ्यायचं असेल तर वोस्केहातच घ्या.

खातुन खार्जी हे नाव वायोत्स द्झोरच्या बाटल्यांवर दिसतं, विशेषतः फेसाळणाऱ्या वाइनवर. दिसलं तर सोडू नका.

*तपासा:* अरेनी हे लाल वाइनचं द्राक्ष आहे, आणि त्याच नावाचं गावही आहे. ‘हिन अरेनी’ हे एका वायनरीचं नाव. तिच्या पांढऱ्या बाटलीत वोस्केहात असते. फक्त ‘अरेनी’ हा शब्द वाचून बाटली लाल की पांढरी हे ठरवू नका.

टप्पा 3: शहरात आधी पेल्याने प्या

बाटली शेवटी, पेला आधी. येरेवानमध्ये सार्यान रस्त्यावर एकाला लागून एक वाइन बार आहेत. तिथे संध्याकाळी बसून एक-एक पेला मागवत जा. वाढणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: पांढरी हवी, कोरडी हवी, स्थानिक द्राक्षाची हवी. पहिला पेला स्टीलच्या टाकीतल्या साध्या वोस्केहातचा घ्या. दुसरा लाकडी पिंपातल्या किंवा रांजणातल्या वोस्केहातचा. तिसरा गारान द्माक मिसळलेला. साधी चव ओळखीची झाली की मग लाकडाने काय केलं आणि मातीने काय केलं ते कळतं. उलट क्रमाने प्यायलात तर साधी वाइन पाणचट वाटेल आणि नेमकी तीच तुम्ही नाकाराल.

सोबत लवाश (तिकडची पातळ रोटी), मिठातलं चीज आणि ताज्या पाल्याची थाळी मागवा, पण पहिला घोट खाण्याआधी घ्या. खारट चीजनंतर कुठलीही वाइन असते त्यापेक्षा मऊ लागते.

जूनच्या सुरुवातीला गेलात तर याच भागातले रस्ते बंद करून ‘येरेवान वाइन डेज’ भरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी अरेनी गावात वाइनचा उत्सव असतो. दोन्हीकडे धमाल येते. खरेदीचा निर्णय मात्र तिथे घेऊ नका, पाचव्या पेल्यानंतर सगळंच उत्तम लागतं. आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा पुढून आणि मागून फोटो काढा आणि सकाळी विचार करा.

टप्पा 4: वायनरीला जायचं तर

येरेवानहून अरेनी साधारण दोन तासांवर आहे. बरेच जण नोरावांक मठ बघायला जातात आणि परतीच्या वाटेवर गावात उतरतात. गाडी स्वतः चालवू नका, चालकासह घ्या. वाट घाटाची आहे आणि तुम्ही चव घ्यायला निघाला आहात. वायनरीत आदल्या दिवशी फोन केलेला बरा.

रस्त्याच्या कडेला टेबलं मांडलेली दिसतील. त्यांवर कोकच्या प्लास्टिक बाटल्या रांगेने उभ्या, त्यांत घरी केलेली वाइन, आणि वरून ऊन रखरखतंय. मागून सूर्य आला की पांढऱ्या वाइनच्या बाटल्या मधासारख्या चमकतात. फोटो छान येतो, पण तो रंग उन्हाने आणि हवेने चढवलेला असतो. आजीबाईंनी प्रेमाने घोटभर दिली तर जरूर प्या, दाद द्या. विकत घेऊन विमानात मात्र आणू नका. प्लास्टिक हवा रोखत नाही, आणि तापमानातल्या चढउताराने बॅगेत झाकण सुटलं तर सगळे कपडे वाइनचा वास मारतील.

डाळिंबाची आणि जर्दाळूची ‘वाइन’ही याच टेबलांवर असते. ती बहुधा गोड फळवाइन असते. आवडली तर घ्या, पण ती द्राक्षाची पांढरी वाइन नव्हे.

टप्पा 5: लेबल वाचा, मग पैसे द्या

आर्मेनियन लिपी आपल्याला वाचता येत नाही, म्हणून शब्द कानाने लक्षात ठेवा आणि दुकानदाराला विचारा. गिनी म्हणजे वाइन, स्पिताक म्हणजे पांढरी. त्यानंतरचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. चोर म्हणजे कोरडी, किसाचोर म्हणजे निमकोरडी, आणि किसाकाग्त्स्र म्हणजे निमगोड. मराठी माणसाने दुकानात खुशाल ‘चोर, चोर’ म्हणावं, कोणी पळणार नाही. घरी आल्यावर ‘ही एवढी गोड कशी?’ असा प्रश्न पडतो तो बहुतेकदा निमगोड बाटली आणलेली असते म्हणूनच. लिटरमागे साखर दिली असेल तर 4 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखालचा आकडा कोरड्या वाइनचा.

मग साल बघा. टाकीत तयार झालेली साधी वोस्केहात दोन-तीन वर्षांत संपवावी. जुनी ती चांगली हा नियम इथे लागू नाही. दुकानाच्या खिडकीत पाच वर्षं उभी असलेली पांढरी बाटली सवलतीत मिळत असेल, तर सवलतीचं कारण तेच आहे. रांजणातली किंवा लाकडातली मात्र आणखी काही वर्षं तग धरते.

*सावध:* कारास म्हणजे मातीचा रांजण, आणि ‘कारास’ हे एका मोठ्या कंपनीचंही नाव आहे. लेबलवर ते नाव दिसलं म्हणून आतली वाइन रांजणातली ठरत नाही. मागच्या बाजूला ती कशात आंबवली आणि कशात ठेवली ते वाचा, किंवा सरळ विचारा.

पैसे देण्याआधी बाटली हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. पहिली पातळी: वाइन बाटलीच्या मानेत असावी, खांद्याच्या खाली उतरलेली नको. दुसरी बूच: बाहेर ढकललेलं किंवा कडेने चिकट ओघळ असलेलं नको, तसं असेल तर बाटली तापली आहे. तिसरा रंग, पण तो फक्त पारदर्शक काचेतून कळतो. साध्या ताज्या वोस्केहातचा रंग फिकट गवती किंवा फिकट सोनेरी असतो. तपकिरी झाक आली असेल तर परत ठेवा. सालीसकट आंबवलेली वाइन याला अपवाद आहे. ती मुळातच नारिंगीकडे झुकलेली आणि थोडी गढूळ असते.

विमानतळावरचं दुकान हा शेवटचा पर्याय. तिथे द्राक्षांची निवड कमी आणि चव घेण्याची सोय बेभरवशाची.

टप्पा 6: बॅग

बाटली चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या सामानात 100 मिलिलिटरची मर्यादा असते. प्रत्येक बाटली आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग कपड्यांत गुंडाळा. टणक बॅगेत अगदी मधोमध आडवी ठेवा, कडेला नको. दोन बाटल्यांच्या मध्ये जीन्ससारखं जाड कापड हवं, काच काचेला लागता कामा नये.

परत येताना बहुतेकांचा मार्ग आखातातून असतो. येरेवानच्या ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत मिळते, पावतीसकट. शेवटचं विमानतळ येईपर्यंत ती पिशवी फोडू नका.

दिल्लीला उतरून पुढे पुणे किंवा नागपूर गाठणाऱ्यांची एक ठरलेली चूक आहे. कस्टम्समधून बाहेर पडल्यावर बॅग पुन्हा जमा करायची असते. हातातली बाटली त्याच वेळी बॅगेत टाका. देशांतर्गत सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहून आठवलं तर उशीर झालेला असतो.

विमानतळावरून घरी येताना बाटल्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये मुंबईहून नाशिकला पोचेपर्यंत डिकीतली वाइन शिजते. पायाशी, एसीच्या जवळ ठेवा.

टप्पा 7: घरी विश्रांती

आल्या दिवशी उघडू नका. आठवडाभर तरी बाटली शांत राहू द्या. जागा काळोखी, थंड आणि न हलणारी हवी. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट सगळ्यात वाईट, शेगडीची ऊब तिथेच साचते. काचेच्या शोकेसमध्ये मांडून ठेवणं त्याहून थोडंसंच बरं. वातानुकूलित खोलीतलं लाकडी कपाट चालेल. उन्हाळा असेल आणि एसी नसेल, तर फ्रिजच्या खालच्या भाजीच्या खणात आडवी ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा.

टप्पा 8: गार करणं

सगळं नीट करून इथे घालवणारे खूप आहेत.

साध्या वोस्केहात आणि कांगुनला 8 ते 10 अंश लागतात. लाकडातल्या, रांजणातल्या आणि गारान द्माक मिसळलेल्या वाइनला 11 ते 13 अंश. घरचा फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतो. त्यातून काढून लगेच ओतली की फुलांचा, जर्दाळूचा वास बाटलीतच अडकून राहतो आणि हाती लागतो नुसता आंबट गारवा.

म्हणून असं करा. साधी बाटली फ्रिजमध्ये तीन तास ठेवा आणि ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. लाकडातल्या, रांजणातल्या जड वाइनची बाटली वीस-पंचवीस मिनिटं आधी काढा. घाई असेल तर पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ रचून उपयोग नाही, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली हळू गार होते. पाणी हवंच.

*सावध:* फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली बूच उडवते. आणि पेल्यात बर्फ नको, पाच मिनिटांत तुम्ही वाइनचं पाणी पीत असता.

टप्पा 9: उघडा, हुंगा, मग ओता

बूच काढल्यावर पहिला घोटभर स्वतःच्या पेल्यात ओता आणि हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास आला तर बूच खराब होतं, वाइन गेली. डागाळलेल्या सफरचंदाचा आणि शिळ्या अक्रोडाचा वास आला तर ती हवेने किंवा उष्णतेने बिघडली आहे. (सालीसकट आंबवलेल्या वाइनमध्ये अक्रोडाची हलकी छटा मुळातच असू शकते, तेव्हा टप्पा 3 मध्ये काढलेला लेबलचा फोटो पुन्हा बघा.)

बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. द्राक्षातलंच आम्ल थंडीने घट्ट होऊन खाली बसलेलं असतं. ते निरुपद्रवी आहे. शेवटचा घोट बाटलीत राहू द्या म्हणजे झालं.

पेला काचेचा, देठाचा, तोंडाकडे निमुळता. एक तृतीयांशच भरा. आपल्याकडे पेला काठोकाठ भरणं म्हणजे पाहुणचार. पण इथे वासाला जागा ठेवावी लागते, शिवाय मुंबईच्या हवेत भरलेला पेला अर्धा संपेपर्यंत कोमट होतो. थोडी-थोडी ओता आणि बाटली गार पाण्यात ठेवा.

रांजणातली वाइन उघडल्याबरोबर कधीकधी मुकी वाटते. पेल्यात पंधरा मिनिटं थांबा.

टप्पा 10: ताटात काय

तिकडे वोस्केहात सेवान सरोवरातल्या ट्राउट माशाबरोबर आणि पाल्या-चीजबरोबर पितात. आपल्या ताटात त्याला जवळचं म्हणजे कमी तिखटाचं रवा लावून तळलेलं पापलेट, लसणावर परतलेली कोळंबी, कोथिंबीर वडी, लोण्याबरोबर थालीपीठ. गारान द्माक मिसळलेली जड वाइन नारळाच्या रसातल्या सौम्य कालवणाला पुरून उरते.

कोल्हापुरी रस्सा, मालवणी मसाल्याची सुकी तिसरी, ठेचा यांच्यासमोर कोरडी वाइन ठेवू नका. मद्यामुळे तिखट आणखी झोंबतं आणि वाइन कडू लागते. तिखटच करायचं ठरलं असेल तर किसाचोर बाटली आणलेली बरी. सोलकढीबरोबर काहीच जमत नाही. पुरणपोळी-मोदकांसमोर कोरडी वाइन केवळ आंबट पाणी वाटते, गोडाची वेळ येण्याआधीच ती संपवा.

टप्पा 11: उरली तर

तेच बूच, त्याच बाजूने, घट्ट बसवा आणि बाटली फ्रिजच्या आत उभी ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, दर वेळी दार उघडलं की ती हिंदकळते. साधी वोस्केहात तीन दिवस बरी राहते, रांजणातली त्याहून एक-दोन दिवस जास्त. चौथ्या दिवशी वास उतरला असेल तर पिऊ नका. कोळंबी परतताना लसूण लाल व्हायच्या आधी अर्धी वाटी घाला आणि मोठ्या आचेवर आटवा.